धुराविना पहिला ओत: नाशिकच्या तांबट आळीत

नाशिकला जाऊन मी ना गोदाघाट पाहिला, ना द्राक्षाचा मळा. मी गेले भट्टी बघायला. तांबट आळीतल्या मामाचा फोन आला, "कोळशाची भट्टी मोडली, विजेची बसवलीय. रविवारी वितळल्या तांब्याचा पहिला ओत आहे, ये." मामा आपणहून फोन करणाऱ्यातला नाही, म्हणून मी निघालेच.

पुण्याहून विजेवरची एसटी घ्या, तिकीट पाचशेच्या आगेमागे. चाकणला बस मुंगीच्या पावलाने सरकते, तेव्हा सोबत खाऊ हवाच. द्वारका चौकात उतरून भद्रकालीपर्यंत रिक्षा करा. पुढच्या बोळांत रिक्षावाले यायला कां कूं करतात. हातोड्यांचे ठोके ऐकू येतील तिकडे चालत सुटायचं. सकाळी मिसळ खाल्लीत तर पाणी जवळ ठेवा.

मामाकडे खाली भट्टी आणि वर बिऱ्हाड. तांब्याची मोड वितळवून लाद्या ओतायच्या, मग त्यांचे पत्रे, पत्र्यांचे हंडे. कोळशाच्या भट्टीच्या धुराने मामीचा दमा इतका बळावला की ती सटाण्याला लेकीकडे जाऊन राहिली. रविवारी आली, पण पिशवी न उघडता वर बसून राहिली. खोकला आला तर संध्याकाळच्या गाडीने परत, आणि मग कायमचीच, असं तिने मला सांगितलं. मामाला बोलली नव्हती, तरी त्याला ठाऊक होतं.

आळीची एक रीत आहे. भट्टी पेटवण्याआधी दारात येऊन "भट्टी लागली हो" अशी हाळी द्यायची, म्हणजे बायका वाळत घातलेले कपडे काढतात, खिडक्या लावतात. बटण दाबण्याआधी मामाने सवयीने हाळी दिलीच. घटकेत साऱ्या आळीच्या दोऱ्या रिकाम्या झाल्या. वर खिडकीत मामीनेही तोंडाला पदर लावला.

भट्टी नुसती गुणगुणायला लागली. मुशीतल्या तारा, फुटके बंब, चेपलेले तांबे आधी लाल झाले, मग नारिंगी, आणि बघता बघता त्यांचं पाणी झालं. जी काही वाफ उठे ती वरचं धुराडं नळीतून गाळणीकडे ओढून नेत होतं. मामाने मूस कलती केली. मी समुद्र पाहिलाय, धबधबे पाहिलेत, पण असं काही नाही. तो वितळलेला उजेड साच्यात उतरला, कडेला हिरवी झाक लवलवली आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

समोरच्या काकूंनी खिडकी किलकिली केली. "भाऊ, पेटली नाय का अजून?"

"ओतून झालं, वहिनी."

त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि हसत हसत कपडे पुन्हा दोरीवर टाकले.

मी आणि मामा वर गेलो. मामीने पदर खाली घेतला होता. ती सावकाश श्वास घेत होती, पुन्हा पुन्हा. मामा जिन्यातच थांबला, विचारायचं धाडस होईना.

मामी म्हणाली, "लेकीला फोन लावा. माझं उरलेलं सामान पाठव म्हणावं."

कुणाला बघायला जायचं असेल तर आधी विचारून जा, सुती कपडे आणि बंद बूट घालून. मी येताना चिवडा आणला, तो केव्हाच संपला. राहिला तो जिन्यात पाठ फिरवून डोळे पुसणारा मामा. जन्मभर त्याने डोळे पुसले की आम्ही धुराला बोल लावायचो. त्या दिवशी धूर नव्हता.