डाव्या पंखाची शिवण

दादा कुठल्याही लाकडी वस्तूला आधी टिचकी मारत, आवाज ऐकत आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवत. मी जव्हारला नव्यानं आले त्या आठवड्यात शाळेच्या ओसरीवर खुर्ची ओढून बसणार, तोच शाळेचं घड्याळ दुरुस्त करायला आलेला एक उंच, वाळका माणूस म्हणाला, "थांबा, बाई." त्यानं खुर्चीच्या चारी पायांवर टिचक्या मारल्या. "मागचा डावा आतून गेलाय. बसू नका." मी शिवणाची मास्तरीण. नवऱ्याच्या माघारी नाशिक सोडून एकटी पोट भरायला आलेली. मला कुणी बसू नका म्हटलेलं खपत नसे. मी बसले आणि पाय शाबूत राहिला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर बसले आणि तो मोडला. त्या दिवसापासून मी त्या घड्याळवाल्या माणसाला दादा म्हणू लागले.

गाव त्यांना फिटर म्हणे. ते संस्थानाच्या मोटारखान्यात होते. लढाई लागल्यावर हवाई दलात गेले आणि पाच वर्षं ब्रह्मदेशाच्या हद्दीवर विमानं दुरुस्त करत राहिले. परत आले, आणि दोनेक वर्षांत संस्थानच विलीन झालं. मोटारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा आत पाच लाकडी पेट्या पडून होत्या. दरबारातल्या एका हौशी सरदारांनी एकाच माणसाला बसता येईल असं छोटं विमान सुट्या भागांत विलायतेहून मागवलं होतं. पेट्या बोटीनं येईपर्यंत इकडं दरबार उरला नव्हता. बिऱ्हाड हलवताना सरदार म्हणाले, "फिटर, तुलाच कळतं त्यातलं. तूच ने." दादांनी बैलगाडीनं पेट्या घरी आणल्या आणि परसात कुडाची लांब शेड घातली. पुढची सात वर्षं त्या शेडीत गेली.

कशासाठी, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "लढाईत शेकडो विमानं तयार करून दिली, बाई. सगळी दुसऱ्यांनी बनवलेली. माझ्या हातानं जोडलेलं एक तरी जमिनीवरून उठताना बघायचंय. एकदाच. मग मोडलं तरी चालेल." ते स्वतः उडवणार नव्हते. त्यांना उडवता येतच नव्हतं.

जव्हारच्या पावसाला लाकूड, सरस, कापड, कशाचीच भीड नाही. जेमतेम चिकटलेला सांधा आषाढात सुटायचा. म्हणून चार महिने दादा शेडीत कोळशाच्या शेगड्या पेटत्या ठेवत, दर तासाला जागा बदलत, धुरानं खोकत बसत. गावात विचारणा व्हायची, "काय फिटर, बाळंतीण बरी आहे ना? शेक लागतोय ना नीट?" दादा गंभीरपणे सांगत, "उजव्या कुशीला जरा दमटपणा आहे."

त्यांच्याकडे पुठ्ठ्याची एक जाड वही होती. कुठला सांधा कधी जोडला, कधी तपासला, सगळं तिच्यात. सही करण्याआधी ते मोठ्यानं विचारत, "कुणाला काही शंका?" शेडीत ते एकटे असले तरी विचारत. क्षणभर थांबत आणि मग सही करत. मला हसू यायचं. एकदा मी हसले तेव्हा म्हणाले, "तोंडानं माणूस थोडं इकडंतिकडं बोलतो, बाई. चालतं. वहीत नाही चालत. वहीत खोटं लिहिलं की वर गेलेला माणूस मरतो."

पंखांवर कापड चढवायची वेळ आली तेव्हा ते माझ्याकडे आले. पंखाच्या आत लाकडाच्या फासळ्या असतात. कापड त्या प्रत्येक फासळीला दर चार बोटांवर गाठ मारून शिवायचं, वरून सुई खाली, खालून वर. त्याला दोन माणसं लागतात. पंख घडवंचीवर आडवा ठेवलेला. मी वर, दादा खाली बसलेले. दोघांच्या मध्ये कापड. सुई माझ्याकडून जायची आणि त्यांच्याकडून यायची. महिनाभर आम्ही असं एकमेकांचं तोंड न बघता बोललो. मी नवऱ्याच्या आजारपणाबद्दल जे आईलाही सांगितलं नव्हतं ते त्या पंखाला सांगितलं. खालून फक्त सुई यायची, कधी लगेच, कधी जरा वेळानं. गावात कुजबुज झाली. होऊ दिली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा महिना होता, हे आज म्हातारपणी लिहायला मला लाज वाटत नाही.

डाव्या पंखाच्या टोकाकडच्या दोन फासळ्या राहिल्या होत्या, तेव्हा दादांना खोडाळ्याला जावं लागलं. तिथल्या भात गिरणीचं इंजिन बंद पडलं होतं. माझ्या मदतीला त्यांनी बुधीला बसवलं. बुधी म्हणजे शेड झाडायला येणारी वारली बाई. आणि नेमका विलायती मेणदोरा संपला. पुरायला हवा होता, पण माझ्याच हातून गुंता होऊन मी दोनतीनदा तो तोडून टाकला होता. शिवणाच्या बाईंना दोरा पुरला नाही, हे दादांना कुठल्या तोंडानं सांगू? बुधीनं कमरेची चंची सोडली आणि जाळं विणायला मांडीवर वळलेला अंबाडीचा बारीक दोरा काढला. "ह्यो घे, बाय. ह्याला मासा तोडीत नाय, वारा काय तोडल?" मी त्याला मेण लावलं आणि दोन्ही फासळ्या शिवून टाकल्या. दादा परत आले तोवर वरून पट्टी चिकटवून रोगणाचा पहिला हातही मारला होता. त्यांनी बोट फिरवलं, म्हणाले, "छान." वहीत सही केली. माझ्यावर भरवसा ठेवून त्यांनी न बघता केलेली ती एकमेव सही.

चैत्रात दिवस ठरला. परवानगीचा कागद महिन्यापुरताच होता. लढाईतले त्यांचे एक वैमानिक दोस्त दोन दिवसांची रजा काढून आले. आम्ही त्यांना कॅप्टन म्हणायचो. पुढच्या आठवड्यात त्यांची आसामला बदली होती. गावाबाहेरच्या माळावर मोखाड्याहून, खोडाळ्याहून माणसं भाकऱ्या बांधून आली होती. कॅप्टन आत बसले, इंजिन सुरू झालं, तपासून बंद केलं. दादांनी विमानाभोवती फिरत टिचक्या मारल्या. मग वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि नेहमीसारखं विचारलं, "कुणाला काही शंका?"

इतके दिवस मी मनाची समजूत घातली होती. पण टोपी घालून बसलेला तो माणूस समोर दिसला आणि मी गर्दीतून पुढे झाले. "दादा, मला आहे," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं, दोऱ्याचं, गुंत्याचं, बुधीचं.

कॅप्टन हसले. "अरे यार, धागा ही तो है!"

"धागा ही है, साहब," दादा म्हणाले. "उतर आइए."

पंख उसवून, दोरा मागवून, रोगण वाळेपर्यंत तीन आठवडे लागले असते. तेवढे दिवस कुणाकडेच नव्हते. माणसं माझ्याकडे बघत, बोलत निघून गेली. दादांनी टोपण लावलं, वही काखेत घातली आणि एवढंच म्हणाले, "बुधी, बाईंना पाणी दे. उन्हात उभ्या आहेत मघापासून."

आठवड्यानं ते शाळेत आले. "शिवण उसवली, बाई. दोरा नुसत्या हातानं ओढला, तर तुटला. पंख वरच उघडला असता. तुम्ही एक जीव वाचवलात." मी रडले, पण सुटल्यासारखं वाटलं. त्या पावसाळ्यात त्यांचा खोकला इतका वाढला की शेगड्या पेटवायला ते उठू शकले नाहीत. सांधे एकामागून एक सुटले. पुढं त्यांची बहीण त्यांना मोखाड्याला घेऊन गेली. निघताना त्यांनी मोटारीच्या दाराला टिचकी मारली आणि माझ्याकडे बघून हसले. दीड वर्षानं ते गेले. विमान उठलेलं त्यांनी पाहिलं नाही.

मी मात्र त्या सकाळच्या जोरावर जगले. वर्गातल्या मुलींना सांगत राहिले, चुकली शिवण लपवू नका, उसवा, एक टाका माणसाचा जीव घेतो. बोलताना जरा ताठही होत असे.

निवृत्त झाले त्या वर्षी दादांची बहीण वही घेऊन आली. सामान आवरताना पेटीच्या तळाशी सापडली म्हणे. शेवटच्या पानावर त्यांचं उभं, ठाशीव अक्षर होतं:

"डावा पंख, टोकाकडच्या दोन फासळ्या. अंबाडीचा दोरा. लहान ऐरण टांगून चार दिवस ठेवली. तुटला नाही. विमान उडालं असतं. बाईंना सांगू नये."

खाली सही. शेजारी वीतभर दोरा गोंदानं चिकटवलेला.

मी तो सोडवला, दोन्ही हातांच्या बोटांना वेढे दिले आणि जीव खाऊन ओढला. बोट कापलं, पानावर रक्ताचा थेंब पडला. दोरा होता तसाच राहिला.