बिनडोळ्यांचे जवान

भालूदादा गणपती बघायला कधीच जात नसत. पेणमध्ये जन्म गेला, तोही गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करण्यात, पण शेवटचा टेम्पो भरून गेला की हा माणूस घरी येऊन जो आडवा होई, तो अनंत चतुर्दशी उलटल्यावरच उठे. सारं गाव नटूनथटून मांडवांतून फिरत असे आणि ज्याच्या हातच्या डोळ्यांपुढे लोक हात जोडत, तो डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडलेला. कोणी छेडलंच तर म्हणत, "डोळे दिले की ती वस्तू आपली नाय राहत. जायचीच ती पाण्यात. परत बघून काय करू?"

आमच्या दोन घरांत एक भिंत. मी रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचो. परतलो की चहाला त्यांच्याकडे. ते खिडकीशी बसलेले असत आणि पुढ्यात फळीवर त्यांचं सैन्य. मुंबईला मूर्ती पोचवणारे टेम्पोवाले त्यांना परदेशी खेळण्यांची खोकी आणून देत. त्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग असत. जोडले की बोटभर जवान किंवा वीतभर रणगाडा तयार व्हायचा. कसं जोडायचं याचा कागदही सोबत असे. दादा तो घडी करून टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारत आणि आपल्या मनाचं करत. रणगाड्याची तोफ कापून त्याचा पाण्याचा टँकर करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. जवानाच्या हातातली बंदूक ब्लेडने तासून काढायची आणि तिथे पळी नाहीतर पाना बसवायचा. काच हवी तर गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लॅस्टिक, ताडपत्री हवी तर जुन्या बनियनचा तुकडा डिंकात भिजवून. मी म्हणायचो, "दादा, तुमचं सैन्य लढणार कधी?" ते मान वर न करता म्हणत, "लढायला लय जण हायत. डाळ कोण शिजवणार?"

त्या जवानांना डोळे मात्र नसत. टोपी पार खाली ओढलेली आणि तिच्या सावलीत कोरा, गुळगुळीत चेहरा. गल्लीत थट्टा व्हायची की गणपतीला दृष्टी देणारा भालू आपल्या जवानांना आंधळं ठेवतो. दादा हसण्यावारी नेत. मला एकदाच म्हणाले, "आयुष्यभर पाण्यात सोडायचीच कामं केली रे. हे तरी घरात राहू दे."

हा नाद कुठून लागला ते सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटा भाऊ रमेश सैन्यात ट्रक चालवायचा. वरती सरहद्दीकडे बर्फाच्या रस्त्यावर ट्रक घसरला आणि दरीत गेला. लोक लढाईच्या गोष्टी रचू लागले की दादांचं डोकं फिरे. "गोळीबिळी काय नव्हती. पलटणीतल्या पोरांसाठी कांदेबटाटे घेऊन चाललावता तो. त्यात काय कमी हाय?" त्यांनी रमेशचा ट्रक केला. पाठीमागे कांद्याची पोती, उजव्या खिडकीतून बाहेर काढलेलं कोपर आणि कानांवर ओढलेली लोकरीची टोपी. कोपर इतकं हुबेहूब होतं की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा चहा निवून गेला. तो ट्रक काचेच्या कपाटात मधोमध असे आणि त्याच्यावरची धूळ दादा स्वतः पुसत.

गल्लीतल्या गणपती मंडळाने एका वर्षी सैन्याचा देखावा करायचं ठरवलं आणि अध्यक्षांची नजर या कपाटावर गेली. दादांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. मग अध्यक्षांनी रोह्याला रमेशच्या बायकोला गाठलं. सुमनवहिनी मुलीला घेऊन तिथेच माहेरी राहायची. ती आली आणि कपाटासमोर उभी राहिली. "भावजी, एकदा लोकांना दिसू द्या ना ह्यांना. मी कोणाची बायको हाय, ते कोणाला म्हायती पण नाय." दादांनी तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. अध्यक्षांना त्यांनी एवढंच बजावलं, "हात लावायचा नाय. अनंत चतुर्दशीला सकाळी मी न्यायला येनार."

आणि रिवाजाप्रमाणे ते घरी येऊन झोपले.

बाप्पासमोर आंधळे जवान बरे दिसत नाहीत, हा शोध मांडवात कोणाला लागला देव जाणे. हौशी माणसांचा गावात दुष्काळ नाही. कोणा कारागिराला बोलावून सगळ्यांना डोळे आखून घेतले. त्याचा हात गणपतीला बसलेला, त्यामुळे डोळेही तसेच, लांबट नि टपोरे. मग दहा दिवस आरतीचं तबक बाप्पावरून आणि मग ट्रकवरून फिरलं. बॉनेटवर कुंकू पडलं, रमेशच्या कोपरावर हार लटकला, बाया वाकून नमस्कार करू लागल्या. मी अध्यक्षांना सुनावलं, तर ते म्हणाले, "तुम्ही कंपनीवाले, तुम्हाला देवाधर्माचं काय!" सुमनवहिनी मात्र रोज रोह्याहून येऊन तासन्‌तास तिथे बसायची. मी हे सांगायला दादांकडे गेलो तेव्हा ती माझ्याआधीच पोचली होती. "भावजी, हे आता बघतात हो माझ्याकडं." दादांनी पंचा बाजूला केला, तिच्याकडे पाहिलं आणि परत डोळ्यांवर ओढला.

अनंत चतुर्दशीला मी त्यांच्यासोबत गेलो. दादा ट्रक उचलायला वाकले तशी अध्यक्षांनी त्यांचा हात धरला. "दादा, डोळे दिलेत, आरत्या झाल्यात. डोळे दिले की वस्तू आपली नाय राहत. कोणाचं बोलनं हाय हे?"

दादांनी सुमनवहिनीकडे पाहिलं. तिने एक शब्द टाकला असता तर ट्रक घरी आला असता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. ती पदर सावरत म्हणाली, "सोडू द्या भावजी. पूजलेलं घरात ठेवलं तर दोष लागंल. माझी पोर लग्नाची हाय."

दादांनी हात काढून घेतला.

नदीवर मूर्ती गेली आणि मागोमाग ट्रक सोडला. तो बुडेना. प्लॅस्टिकच ते! रमेश कोपर बाहेर काढून, ते भलतेच डोळे उघडे ठेवून पाण्यावर डुलत राहिला. लोक हसले. एका कार्यकर्त्याने बांबूने दाबून पाहिलं, तरी तो वर आला. शेवटी कांद्याच्या पोत्यांवर दगड ठेवला तेव्हा गेला. दादा तेव्हा बोलले, "परत खालीच गेला." मला त्या दिवशी सगळ्या गावाची किळस आली आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

पुढच्या हंगामात दादा कारखान्यात बसले, आखणीही केली. पण भावजयीकडे रोह्याला ते पुन्हा गेले नाहीत. सुमनवहिनी माझ्याजवळ वाल द्यायची, कधी नाचणीचं पीठ. दादा पिशवी उघडतसुद्धा नसत. "सांग तिला, दादा घरी नव्हते म्हणून." मी ती पिशवी तशीच परत नेत असे. तिच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हाही त्यांचं दार बंदच होतं. गेल्या माघात ते गेले. मंडळाने फ्लेक्स लावला, फोटोखाली 'थोर कलावंत'.

दिवसकार्य आटोपल्यावर सुमनवहिनीने मला ते कपाट उघडायला लावलं. मला वाटलं होतं रिकामं असेल. आत नवा ट्रक होता. तीच ताडपत्री, तीच कांद्याची पोती, उजवी खिडकी उघडी. चालवणाऱ्याच्या जागेवर कोणी नव्हतं. तिने आत बोट घालून चाचपलं, फळीवर शोधलं, खाली वाकून पाहिलं.

"हे कुठं हायत?"

"रमेशला केलंच नाही त्यांनी," मी म्हणालो.

तिने ट्रक मांडीवर घेतला. मग विचारलं, "राग होता का हो त्यांचा माझ्यावर?"

अशा वेळी 'नाही' म्हणायचं असतं ते मला कळत होतं.

"होता," मी म्हणालो.

तिने मान हलवली. ट्रक पदरात गुंडाळला आणि रोह्याच्या एसटीसाठी ती स्टँडकडे चालू लागली.