आवाज सरळ ठेवायचा की थरथरू द्यायचा

आज चर्चच्या क्वायर प्रॅक्टिसला दोघं भांडले. चारशे वर्षांपूर्वीचं लॅटिन गीत तेव्हाच्या पद्धतीनं गायचं, तर आवाज सरळ ठेवायचा की जरा थरथरू द्यायचा? आपलंच खरं म्हणून दोघांनी आपापल्या मोबाइलवर व्हिडिओ लावले आणि रुसून घरी गेले.

मला ऐंशीच्या दशकातली आमची नाशिकची क्वायर आठवली; तिथंही असंच एक जुनं लॅटिन गीत बसवत होतो. प्रॅक्टिस घेणारे दिवाकर सर म्हणायचे, "तेव्हा आवाज सरळच लावायचे, काठीसारखा."

शास्त्रीय शिकलेल्या सुमनमावशी म्हणायच्या, "अहो सर, तेव्हाची माणसं काय लाकडाची होती?"

ईस्टरच्या आधीचे सगळे शुक्रवार हे चाललं. प्रॅक्टिस संपली तरी दोघं पेटीपाशी बसून एकमेकांना गाऊन दाखवायचे. आम्ही पोरी चपला घालून ताटकळत उभ्या.

ईस्टरच्या सकाळी गीत सुरू झालं. मावशींचा सूर काठीसारखा सरळ लागला, आणि सरांचा आवाज हळूच थरथरत होता. न सांगता दोघांनीही दुसऱ्याचं ऐकलं होतं. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले, पण गाणं कुणी थांबवलं नाही.

खरी पद्धत कुठली, मला अजून माहीत नाही. पण भांडावं तर असं.

तुम्हाला भांडता भांडता समोरच्याचं म्हणणं शेवटचं कधी पटलं होतं?