काटेवाल्याची गाडी

दुकानांतले वजनकाटे तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, म्हणून सगळा बाजार त्यांना काटेवाले काका म्हणायचा. पाठीमागे काय म्हणायचा ते इथे सांगण्यासारखं नाही. काका दुकानात शिरले की दुकानदाराचा चेहरा उतरायचा. ते पेटी उघडून एकेक वजन काट्यावर ठेवायचे आणि पाच ग्रॅमचा फरक दिसला तरी काट्याला लाल चिठ्ठी बांधून मोकळे व्हायचे. दुरुस्त होईपर्यंत त्यावर कुणी चिमूटभर साखरही तोलायची नाही. मध्येच "चहा घेता का?" असं विचारायची कुणाची टाप नव्हती.

असा माणूस जुनी गाडी घेताना साफ फसला, याला काय म्हणावं!

गाडी घेणं भागच होतं. वीस-वीस किलोची आठ वजनं काही खिशात घालून नेता येत नाहीत. शिवाय काकांच्या कंबरेने संप पुकारला होता. बसक्या मोटारीतून उठायला त्यांना दोन माणसं लागायची. म्हणून त्यांनी ही निवडली. दिसायला जीपसारखी उंच, आत बसलं की छोट्या मोटारीएवढी, पेट्रोलवर चालणारी, सहा वर्षं वापरलेली. मीटरवर एकेचाळीस हजार किलोमीटर. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, "लिटरला अठरा देते." काकांनी मीटरचा आकडा पाहिला आणि मान डोलावली. माणसांवर नसेल एवढा त्यांचा आकड्यांवर विश्वास. काकूंनी फक्त एवढंच विचारलं होतं, "अहो, ही सीट इतकी का बसलीय?"

"जाडजूड असेल कुणीतरी," काका म्हणाले.

अठरा कुठले, गाडी अकरावरच धापा टाकायची. आधी एसी गेला, मग पाण्याचा पंप. मग एका सकाळी इंजिन एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखं डुगडुगायला लागलं. इंजिनात ठिणगी पाडणारी एक कॉइल गेली होती. ती बदलली तर महिन्याभरात दुसरीने मान टाकली. दर पगाराचा एक लचका गाडी ठरल्यासारखा तोडत होती. काकांनी मात्र सर्व्हिसिंगमध्ये कधी कुचराई केली नाही. पुस्तकात दहा हजारांवर ऑइल म्हटलंय ना, मग मीटरवर दहा हजार भरले की ऑइल, शंभर किलोमीटर इकडे नाही की तिकडे नाही. इंजिनचा मोठा पट्टा पुस्तकाप्रमाणे एक लाखाला बदलायचा होता. तीन वर्षांनी मीटर अडुसष्ट हजारांवर आला होता, म्हणजे पट्ट्याला अजून अवकाश होता.

तिसरी कॉइल बदलायला आलेल्या मिस्त्रीने वाकून ब्रेकच्या पेडलवर बोट ठेवलं. "काका, हे रबर बघा, पार गुळगुळीत झालंय. स्टिअरिंग बघा. दोन लाखांच्या वर चाललीय ही गाडी. तुम्ही घ्यायच्या आधीच कुणीतरी मीटर मागे फिरवलाय."

काकांनीही पेडलवरून बोट फिरवलं. तळाशी घासलेलं वजन ते डोळे मिटून ओळखायचे. हेच बोट तीन वर्षांपूर्वी इथे का फिरलं नाही? शरमेने त्यांचे कान तापले.

"आणि पट्टा?"

"तो कधीच बदलायला हवा होता. उद्या तुटेल, नाहीतर सहा महिन्यांनी. तुटला की इंजिन खलास. आता खोलायला घेतलं, तर आत काय काय निघेल, देव जाणे. माझं ऐका, चालतीय तोवर विकून टाका."

नोकरीची दोन वर्षं उरली होती. मीटरवरच्या आकड्याने गाडी विकली, तर दुसरी बरीशी घेऊन ती दोन वर्षं निभावली असती. खरं सांगितलं, तर भंगाराचा भाव आणि वजनं खांद्यावर. "तुम्हाला विकणारा कुठे बोलला होता?" काकू म्हणाल्या. "तुम्हीही गप्प बसा." काका इतके थकले होते की त्यांना गप्प बसणं ही विश्रांतीच वाटली.

रविवारी दुपारी गाडी बघायला कोण यावं, तर कोपऱ्यावरची किराणा दुकानवाली ताई. तिच्या काट्याला काकांनी दोनदा लाल चिठ्ठी बांधली होती. ती गाडीत बसली, स्टिअरिंग फिरवून पाहिलं, आरसा नीट केला.

"आईला दर आठवड्याला घाटापलीकडे दवाखान्यात न्यावं लागतं," ती म्हणाली. "भाऊ म्हणत होता, मिस्त्रीला दाखवून घे. मी म्हटलं, ज्या माणसाने पाच ग्रॅमसाठी माझा काटा आठवडाभर बंद ठेवला, त्याच्या गाडीला मिस्त्री कशाला? अडुसष्ट हजारच झालेत ना, काका?"

काकांनी वर पाहिलं. काकू खिडकीत उभ्या होत्या. नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"मीटर खोटा आहे, ताई," काका म्हणाले. मग पेडल, पट्टा, दोन लाख, सगळं सांगून टाकलं. "घाटात तर मुळीच नेऊ नका."

ती हळूच खाली उतरली. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुम्हालाही फसवलं?" तिने विचारलं.

"मी बघितलंच नाही."

ती गेल्यावर काकांनी पेटीतून लाल चिठ्ठी काढली आणि सवयीने दोन गाठी मारून स्टिअरिंगला बांधली. तेवढ्यात काकू खाली आल्या. आता बोलणी बसणार, म्हणून काका मान खाली घालून उभे राहिले.

"उद्या कसं करणार?" काकूंनी विचारलं.

"बसने. एकेक वजन नेईन. आठ फेऱ्या होतील."

काकूंनी मागचं दार उघडलं, एक वजन दोन्ही हातांनी धरून उचललं, जरा झुकल्या, पुन्हा सरळ झाल्या.

"चारच फेऱ्या होतील," त्या म्हणाल्या. "मी येते."