डब्यातलं घड्याळ

यंदा उन्हाळ्यात तिसरा डॅक घरी आला, तेव्हा त्याचं खोकं फोडायचाही मला कंटाळा आला होता. डॅक म्हणजे टिफिनएवढी पेटी. संगणकातलं गाणं म्हणजे नुसते आकडे, त्यांचा आवाज ही पेटी करते. बायको तिला डबा म्हणते, आता मीही म्हणतो.

मला त्या डब्यातून एकच गोष्ट हवी होती. माझे वडील बुद्धविहारातल्या गायन पार्टीत खंजिरी वाजवायचे. एका कार्यक्रमाची कॅसेट होती, ती मुलीने संगणकात उतरवून दिली. वडील गात नसत. त्यामुळे त्यांचं असं जे काही उरलंय, ते म्हणजे खंजिरीच्या चकत्यांची छनछन. जुन्या टेपवर ती स्वच्छ ऐकलेली मला आठवते. आता गाणारे ऐकू यायचे, ढोलकी यायची, खंजिरीच्या जागी मात्र नुसती थाप.

मी दोष घड्याळाला दिला. प्रत्येक आकडा ठरल्या क्षणी सुटावा म्हणून डब्यात एक घड्याळ असतं. ते डगमगलं की आकडे किंचित मागे-पुढे सुटतात. याला जिटर म्हणतात, आणि त्याने बारीक आवाजांची धार जाते असं मी वाचलं होतं. कामठीला आयुष्यभर पावरलूम चालवलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आडवा धागा नेणारा धोटा जरा उशिरा पोचला की कापड बिघडतंच. चांगला डॅक संगणकाच्या वेळेवर विसंबत नाही. आलेले आकडे आधी जवळ साठवतो आणि स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर एकेक सोडतो. पहिल्या डब्यातून खंजिरी आली नाही, दुसऱ्यातून आली नाही, म्हणून हा तिसरा. लोकांना वाटे, म्हाताऱ्याची हौस. हौस कसली डोंबलाची, मला बाप ऐकायचा होता.

दुपारी मी कूलर बंद केला, त्याच्या घरघरीत काय ऐकू येणार? बायको घामाने वैतागली. तिला म्हटलं, मी डोळे मिटून बसतो, तू डबे बदलून गाणं लाव आणि कोणता कधी लावला ते सांगू नको. दुसऱ्यांदा गाणं लागलं तसं मी मोठ्या ऐटीत म्हणालो की हाच नवा, धार बघ. चुकलोच होतो, तो जुना होता. ते तिने नंतर सांगितलं. डोळे उघडले तर ती माझ्याकडे बघत होती.

"अहो, खंजिरी तर दोन्ही डब्यांतून सारखीच वाजून राह्यली," ती म्हणाली. "तुमाले ऐकू येत नाही काय?"

मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. कुकरची शिट्टी, मोबाइलची रिंग, दारावरची बेल. मला ऐकू येत नाही असं ती कधीपासून म्हणत होती, आणि मी तिलाच पुटपुटू नको म्हणून झापत होतो. शेडमध्ये मागांच्या खडखडाटात आम्ही खुणांनीच बोलायचो. कानात कापूस घातला की बाकीचे हसायचे, म्हणून कुणी घालत नसे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगण तीनदा बदललं. राग आला, पण काढणार कुणावर? फार वाईट वाटलं.

मुलगी म्हणते, कानाचं यंत्र बसवू. बसवूही.

त्या दुपारी मात्र मी बायकोला म्हणालो, "पुन्हा लाव वं. खंजिरी वाजली का माह्या हातावर वाजव."

ती शेजारी बसली आणि बोटांनी माझ्या मनगटावर ठोके देऊ लागली. तिला ताल नाही. एक ठोका आधी पडतो, एक मागून येतो. वडिलांनी असल्या माणसाला पार्टीत बसू दिलं नसतं. मी हात तसाच ठेवला, आणि गाणं संपलं तेव्हा पुन्हा लावायला सांगितलं.