लिंबोणीला घातलेला समुद्र

गेवराईत आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि ते कुठं जायचं हे माझे सासरे ठरवतात. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, फिल्टर बाहेर टाकतो ते परसातल्या लिंबोणीला. ती लिंबोणी त्यांनी आठ वर्षं अशा वापरलेल्या पाण्यावर वाढवली. गल्लीत तिचं लिंबू न नेलेलं घर नसेल.

अशा घरात मला समुद्र ठेवायचा होता. तीस लिटरचा. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत. लाटा बघून मला काही विशेष वाटलं नाही. खडकातल्या एका डबक्यात मात्र एवढी वर्दळ होती की बाई हात धरून ओढेपर्यंत मी तिथून हलले नव्हते. पुढं जीवशास्त्र शिकले, ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले, पण ते डबकं काही डोक्यातून गेलं नाही.

नवरा नोकरीला पुण्यात. त्यानं तिकडून काचेची टाकी, पंप, निळा दिवा आणि समुद्री मिठाची पिशवी आणून दिली. फिल्टरच्या पाण्यात मी ते मीठ मोजून विरघळवलं आणि सच्छिद्र दगड रचले. पुढं महिनाभर टाकीत नुसते दगडच होते, कारण घाण पचवणारे जिवाणू आधी वाढावे लागतात. शेजारणी बघायला आल्या, दगड बघून चहा पिऊन गेल्या. सासऱ्यांनी विचारलं, "एवढं पानी अडकवून ठिवलंस, ते कावून?" मी म्हणाले, "मासा येणार आहे, मामा." ते "बरं" म्हणाले, पण त्या "बरं"मध्ये काही बरं नव्हतं.

मासा आला. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटाच्या पेराएवढा. बरोबर बटणाएवढ्या प्रवाळांचा एक झुबका. आता दर रविवारी चार लिटर जुनं पाणी काढून तेवढंच नवं घालायचं होतं. पहिल्या रविवारी मी बादली मोरीकडे नेताना मामांनी वाट अडवली.

"कुठं निघालीस?"

"मोरीत ओतते. खारं आहे, झाडाला चालत नाही."

"त्यात मासा जगतोय, मंग झाडाला काय व्हतंय?"

"मामा, नाही चालत. मोरीतच टाका."

त्यांनी बादली माझ्या हातातून घेतली. थोड्या वेळानं ती धुऊन पालथी घातलेली दिसली. पुढच्या रविवारीही तसंच. मी विचारलं नाही.

त्यानंतर घरात शांतता झाली, हे खरं. टाकीवरची कुरकुर बंद झाली. मामा संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायला लागले आणि मी कॉलेजातून आले की माशाची खबर द्यायला लागले: आज दगडाआड गेला, आज फुलाशी, म्हणजे प्रवाळाशी, खेळला. मला फार बरं वाटायचं.

मार्चमध्ये लिंबोणीच्या पानांची टोकं करपली. कपडे वाळत घालताना मला आळ्यातल्या मातीवर पांढरा थर दिसला. काय आहे ते मला लगेच कळलं. बाहेर मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढता येत नाही, हे मी दर वर्षी बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकून मुलांना दाखवते. तरी मी बोलले नाही. बोलले तर टाकी पुन्हा नकोशी होईल, ही धास्ती होती. चार लिटरनं एवढ्या मोठ्या झाडाचं काय होतंय, अशी मनाची समजूतही घातली. म्हणजे मामांचंच म्हणणं, फक्त शिकलेल्या बाईच्या तोंडचं.

एप्रिलमध्ये पानं गळायला लागली. मामांनी उन्हाला दोष दिला, झाडावर जुनं लुगडं बांधून सावली केली, निंबोळी पेंड घातली आणि रविवारची बादलीही न चुकता ओतली. शेवटी त्यांनी तलवाड्याहून एका ओळखीच्या रोपवाल्याला बोलावलं. त्यानं आळ्यातली चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकली.

"मीठ हाय की हो! कुनी घातलं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"म्याच वतलं," मामा म्हणाले. "सुनेनं पयल्याच दिशी सांगितलं व्हतं, मोरीत टाका म्हनून. म्या ऐकलं न्हाई. तिचा काय दोष न्हाई."

रोपवाला म्हणाला, मीठ खाली उतरवायचं तर गोडं पाणी भरपूर सोडावं लागंल. थोड्यानं भागणार नाही, आणि तरी झाड वाचंलच असं नाही. नळ यायला चार दिवस होते. मामांनी ड्रमचं झाकण काढलं. तोंड धुताना दुसरा तांब्या घेऊ न देणारा माणूस बादलीमागून बादली ओतत होता. मी भरून देत होते, ते ओतत होते. पहिला ड्रम संपला, दुसरा निम्म्यावर आला. झाडावर मोजून वीसेक पानं उरली होती. मला ते बघवेना.

"मामा," मी म्हणाले, "तो पांढरा थर मला महिन्यापूर्वीच दिसला होता. मीठ आहे हेही कळलं होतं."

त्यांनी हातातली बादली आळ्यात रिकामी केली.

"मला वाटलं, तुजं ध्यान न्हाई इकडं," ते म्हणाले. मग रिकामी बादली माझ्यापुढं धरली. "ध्यान व्हतं तर बोलायचं व्हतं, बाई."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी बादली घेतली आणि भरायला ड्रमाकडे गेले.