साहेब सोडत न्हाई

माजी पोस्टिंग लई उंचावर, बारमाही बरफातल्या पोस्टवर व्हती. मी नाईक, पन कुक. एकवीस वर्सांत माज्या हातानं कुनी मेलं आसंल तर खिचडी खाऊन.

सर्विस सरत आलती. क्लार्कनं फॉर्म पुढं केला. "दो साल और रहेगा तो विलिंग लिख, नहीं तो अनविलिंग."

मला सहीपुरतंच लिवता येतं. म्हनलं, "कल बताता हूं." आसं आठ दिवस कल-कल चाललं.

घरी शिरूर कासारला आईचे पाय गेलते. धाकटा भाऊ आन त्याची बायको ऊसतोडीला जायचे. तोडीला जोडीच लागती, नवरा-बायको मिळून एक कोयता; एकट्याला टोळीत घेत न्हाईत. भाऊ फोनवर म्हनला, "दादा, दसरा झाला की टोळी निघती. आईला कोन बघल? तू ये."

"साहेब सोडत न्हाई रे."

साहेबाला मी इचारलं बी नव्हतं. खरं सांगतो, मला घराचं भ्या वाटायचं. फौजेत शिट्टीवर उठायचं, शिट्टीवर जेवायचं. आईला उचलून न्हानीत कसं न्यायचं, ती रडली तर काय बोलायचं, ह्याची शिट्टी कुनी वाजवत न्हाई.

मंग आईच फोनवर आली. "साहेबाला दे."

आली का पंचाईत! शेजारी लान्स नाईक मुंजा बटाटे सोलत बसलता. केजचा गडी, माजा दोस्त. त्यानं अनविलिंग देऊन टाकलतं, तीन महिने ऱ्हायलते. म्हनलं, "बे मुंजा, साहेब हो."

त्यानं आवाज जाड केला. "माताजी, आपका बेटा बहुत जरूरी आदमी है."

"आसंल साहेब. तुमच्या आईला कोन बघतं?"

मुंजासाहेब एकदम मराठीत बोलला, "मी चाललोय की आता घरी."

"मंग माज्याला बी संगं आना."

मुंजानं फोन माज्या हातात कोंबला. "बरफात झोपतोस आन आईला भेतोस व्हय बे?"

दुसऱ्या दिवशी १०.४० ला पानी आनाया पाच जनांची वॉटर पार्टी नाल्यात उतरली, मुंजा बी त्यात. मी पुऱ्या तळत व्हतो. वरून बरफ सुटलं. वायरलेस सेटवर आवाज आला, "चार मिले. एक नहीं मिला. ओवर." मी बेलचा, बरफ उपसायचं फावडं, घेऊन पळालो, तर पायात चपला. दोनदा आपटलो, मलाच दोगांनी उचललं. १.१५ ला मुंजा सापडला. संपलता.

साहेब म्हनले, "तुम्हारे जिले का है. साथ जाओ."

मुंजाची पेटी घेऊन केजला आलो. सगळं उरकलं. भावाचा फोन आला, "दादा, केजपातूर आलायस. आई वाट बघती." आमच्या घराकडं जानारी बीडची जीप समोर उभी व्हती. ड्रायव्हरला कवा सुटनार म्हनून इचारलं बी. आन जाऊन बसलो लातूरच्या एस्टीत. तिथून रेल्वे, रेल्वेतून युनिट. क्लार्कम्होरं सही केली. विलिंग.

भावानं आईला ट्रॅक्टरवर भांड्याकुंड्यात बसवून तोडीला नेलं. दोन हंगाम ती फडाशेजारी खोपीत पडून व्हती. आता मी घरी हाय, तिला उचलतो बी. पन तिला भावाच्या हाताची सवय. मी धरलं की वरडती, "हळू रे, पोतं न्हाई मी!"

वर्साला मी केजला जातो. मुंजाचा बाप फोटूला हार घालतो आन म्हनतो, "तुमी बरं केलं, नोकरी धरून ऱ्हायलात. आमच्याला घरी यायची लई घाई व्हती."

मी "व्हय आबा" म्हनतो. ह्या वर्सी बी तेवढंच म्हनून आलो.